सव्वा हात कापड

नल्लकुंटा, हैदराबाद
फाल्गुन वद्य सप्तमी, शके १९१८

प्रिय सुजाता, माझ्या बाळा,

तू पडद्याच्या पलीकडे आहेस आणि मी अलीकडे बाकावर. मध्ये फार तर पंधरा पावलं असतील. एवढ्या अंतरावर कुणी कुणाला पत्र लिहीत नाही, हे मला कळतं. पण तोंडाने बोलायचं म्हटलं तर माझ्याकडून ‘पाणी हवं का’ एवढंच निघेल, आणि पाणी तर तुला आत मिळतं आहे. म्हणून समोरच्या दुकानातून एक वही आणली. काल संध्याकाळी तुला ते जेल का काय म्हणतात ते औषध लावलं. रात्रीतून थोडं दुखलं आणि थांबलं. आज सकाळी नऊ वाजता कळांची सलाईन सुरू झाली. तुझ्या आईला आत एक स्टूल दिलं आहे. जावई दिलीपराव कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून ऑफिसात फोन करायला गेले आहेत. व्याही हिंमतराव आणि मालनबाई स्वयंपाक उरकून दुपारी येतील. मी आहे. एक आया अधूनमधून इनॅमलचं भांडं घेऊन जाते, येते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर परवाच्या रंगपंचमीचे डाग अजून आहेत, हिरवे आणि गुलाबी, कुणी धुतलेले नाहीत.

पडदा केसमेंटचा आहे, हिरवा, पन्हा छत्तीस. दोन पाट जोडून शिवला आहे आणि शिवणाऱ्याने एक पाट उलटा लावला आहे. हे मी सकाळपासून पाहतो आहे. मला वाटलं होतं, आज मला भीती वाटेल. तसं काही होत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी दुकान उघडल्यावर पहिला तागा हातात घेतला की बोटांना कापड कळत नाही, मलमल आहे की लाँगक्लॉथ ते डोळ्यांनी पाहावं लागतं, तसं आज आहे. समोर काय चाललं आहे ते दिसतं. बोटांपर्यंत येत नाही.

तुझ्या कार्डावर डॉक्टरीणबाईंनी अठरा मार्च लिहिलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला. अठरा गेली. वीस गेली. होळी झाली, तू पुरणपोळीचा अर्धा घास खाऊन ताट सरकवलंस. शेजारच्या तेलुगू बाईंनी एरंडेल घालून दूध द्यायला सांगितलं, ते तुझ्या आईने दिलं आणि तुला नुसते जुलाब झाले. संध्याकाळी मी तुला शंकरमठापर्यंत चालवत न्यायचो. तू दर दहा पावलांवर थांबायचीस, मी सावकाश चालतो म्हणून थांबतेय असं दाखवायचीस. एकदा तू विचारलंस, अण्णा, सुईने आणलेल्या कळा जास्त दुखतात का हो, सगळ्या म्हणतात. मी म्हणालो, मला काय माहीत. तू हसलीस. मला खरोखर माहीत नव्हतं, पण त्याहून बरं काही उत्तर देता आलं असतं.

तुझे सासरे आल्यागेल्याला सांगत होते, “आमचं लेकरू निजामाच्या कचेरीतला कारकून होणार बघा. तारखेवर हजर व्हायचं नाही हे आत्ताच शिकलंय.” मालनबाईंचा टोला तुझ्या आईला होता. “माहेरचे लाड लई झाले, ईनबाई. आत एवढं तूप पोचल्यावर कोन बाहेर येतंय?” तुझी आई हसायची आणि आत जाऊन पदराने ओठ पुसायची. बारा दिवस तिने हे केलं. ती त्या दिवसांत माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडे काही बोलली नाही. आम्हा दोघांना ही मोजणी माहीत होती, एवढंच आत्ता सांगतो.

आता पंचांगाचं. तू लहानपणापासून पाहत आली आहेस की लोक माझ्याकडे मुहूर्त विचारायला येतात. मी जोशी नाही, शेतकऱ्याच्या घरचा आहे, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. पण सुलतान बाजारातलं कापडाचं दुकान लग्नांवर चालतं. बस्ता बांधायला लोक कधी येतील, कोणत्या आठवड्यात शालू काढून ठेवायचे, कोणत्या महिन्यात दुकान रिकामं राहील, हे सगळं पंचांगात असतं. पंचवीस वर्षं मी ते पाहत आलो. शेटजी मला विचारून सुरतेला माल सांगायचे. आता काचेची दारं लावून तयार कपड्यांची दुकानं झाली, त्यांना मुहूर्त लागत नाही, बाराही महिने सेल असतो. तरी जुनी गिऱ्हाइकं अजून गाठोडं बांधता बांधता विचारतात, केशवराव, मुलीला पाठवायची आहे, कोणता दिवस? मी सांगतो. तुझी शाळा, तुझं कॉलेज, तुझं लग्न, दिलीपरावांचं नव्या कंपनीत रुजू होणं, सगळ्यांचा दिवस मीच पाहिला. तुला देवनागरी अक्षरं मी पंचांगावरच शिकवली, कारण तुझी शाळा इंग्रजीची आणि घरात दुसरं मराठी पुस्तक नव्हतं. तू ‘विष्टि’ आणि ‘बालव’ आधी वाचायला शिकलीस, ‘कमळ’ नंतर.

काल सकाळी तुझा पुन्हा फोटो काढला, त्या मशीनवर. डॉक्टर भाग्यलक्ष्मी मला आणि दिलीपरावांना खोलीत घेऊन बसल्या. मुलाभोवतीचं पाणी कमी होत चाललं आहे, म्हणाल्या, संध्याकाळी भरती व्हा, औषध लावते, सकाळी सलाईन. दिलीपराव म्हणाले, दोन-तीन दिवस थांबलं तर रिस्क किती पर्सेंट वाढते? त्या म्हणाल्या, तुमचं बाळ एकच आहे, त्याला पर्सेंट कसं लावू? मग माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं. इथल्या डॉक्टरांना आता सवय झाली आहे. त्या म्हणाल्या, “मुहूर्त देखना है तो देखो साब, मैं मना नै करती. पन कल का देखो. परसों का नक्को.”

घरी आलो तर मालनबाईंनी बैठक मांडलीच होती. त्यांच्या भाच्याच्या सुनेचं ऑपरेशन मागच्या साली मुहूर्त काढून केलं, पेढ्यांच्या डब्यावर जन्मवेळ छापली होती, तो डबा त्या अजून सुया-दोरे ठेवायला वापरतात. त्यांचं म्हणणं, औषधानेच आणायचं आहे तर मग गुरुवारी आणू. “गुरुवारचं लेकरू म्हंजे दत्ताचं लेकरू. बारा दिस थांबलं, आनि चार दिस थांबंल.” हिंमतराव म्हणाले, “केशवराव, पंचांग काढा. आमची तालीम उर्दूत झाली, आम्हाला त्यात नुसते किडे दिसतात.” दिलीपरावांनी पुस्तक हातात घेऊन एक ओळ अक्षर लावून वाचली आणि हसून परत दिलं. ते मराठी दुकानांच्या पाट्यासुद्धा सावकाश वाचतात, त्यात त्यांचा दोष नाही. तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस, दोन्ही हात पोटावर. तुझ्या मनातून थांबायचंच होतं, मला दिसत होतं. आपोआप कळा आल्या तर बरं, असं तुला वाटत होतं. मालनबाईंनी विचारलं, पोरी, तुझं काय? तू म्हणालीस, “अण्णा म्हणतील तसं.”

मालनबाई म्हणाल्या, “बघा इवाई. तुमच्या तोंडून निगालेला मुहूर्त कदी चुकला न्हाई.”

मी चष्मा लावला. पान काढलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग म्हणालो, गुरुवार ठीक नाही. उद्याचा दिवस फार चांगला आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आज तिन्हीसांजेच्या आत दवाखान्यात गेलेलं बरं. मालनबाईंनी लगेच हात जोडले, हिंमतरावांनी घड्याळ पाहिलं, तू डोळे मिटलेस. तुझी आई दाराला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत ती आत गेली आणि तुझी पिशवी भरायला लागली.

आता जे कधी बोललो नाही ते लिहितो. सुजाता, तू आमची पहिली नव्हेस.

तुझ्या आईला अठरावं सरलं होतं. आम्ही तेव्हा गावी होतो, देगलूरच्या अलीकडे सात कोस. पौष महिना होता, हरभरा घाट्यावर आला होता. नऊ महिने भरले, वर आठ-दहा दिवस गेले. गावात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही, पहिलटकरणीचे दिवस पुढेमागे होतात म्हणायचे. बाजाराच्या दिवशी तालुक्याची नर्सबाई यायची, तिने तुझ्या आईचं पोट पाहिलं आणि मला अंगणात बोलावून सांगितलं, हिला घेऊन जा, आज जमलं तर आजच. मी बैल काढायला निघालो होतो. खरंच निघालो होतो, दावं हातात होतं. तेवढ्यात माझी आई म्हणाली, केशव, आधी पंचांग बघ. घरात वाचता येणारा मी एकटा. बावीस वर्षांचा होतो. पंचांग मी स्वतः देगलूरच्या जत्रेतून आणलेलं, त्याला कोरं कव्हर घातलेलं. अंगणात पाच-सहा माणसं जमली होती. मी ओट्यावर बसलो आणि मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या. त्याच्या पुढच्या दिवशी पूर्वेला दिशाशूळ, आणि देगलूर आम्हाला पूर्वेला. चौथ्या दिवशी प्रस्थानाला उत्तम. एकही अक्षर अडखळलं नाही. म्हातारे माना डोलवत होते. मी दावं खुंटीला परत अडकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी आई चुलीपुढून उठली आणि मला म्हणाली, आज पोटात गप गप वाटतंय. मी म्हणालो, अमावास्या आहे ना, उद्याचा एक दिवस गेला की निघू. हे मी चिडून म्हणालो नाही, समजावून म्हणालो. त्याच्या पुढच्या दिवशी ती काहीच बोलली नाही, पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. देगलूरहून मोटारीने नांदेडला नेलं. मुलगा होता. सगळं नीट होतं, नखंसुद्धा पूर्ण होती, थोडी वाढलेलीच. दवाखान्यातल्या बाईने मला बाहेर येऊन विचारलं, कापड आहे का? माझ्या खांद्यावर नवं उपरणं होतं, लग्नातलं. मी तिथेच फाडलं. सव्वा हात पुरलं. उरलेलं उपरणं मी खांद्यावर टाकून परत आलो.

कुणी मला दोष दिला नाही. आई म्हणाली, देवाने दिलं, देवाने नेलं. महिन्याभराने कुणीतरी पुन्हा मुहूर्त विचारायला आलं आणि मी पंचांग काढून सांगितला. ‘आता मी पाहत नाही’ म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून पाहत राहिलो. मग गाव सोडून इथे आलो, कापडाच्या दुकानात लागलो, हाताने, मग गजाने, मग मीटरने कापड मोजलं. तुझी आई या गोष्टीवर कधी एक शब्द बोलली नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. पौषातल्या अमावास्येला ती जेवत नाही, आणि मी का म्हणून विचारत नाही. मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावतो, माहूरच्या रेणुकेच्या फोटोपुढे उभा राहतो, सगळ्यांसाठी मागतो. त्या गोष्टीविषयी मात्र देवीशीही बोललो नाही. देवीला माहीत असेल म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो.

तुझ्या वेळी तुझ्या आईला सकाळी भाजी निवडताना पहिली कळ आली आणि मी पंचांगाकडे न पाहता रिक्षा आणली. कोठीच्या सरकारी दवाखान्यात बारा वाजायच्या आत तू झालीस. त्या दिवसाचं नक्षत्र काय होतं हे मी पुढे तुझ्या लग्नापर्यंत पाहिलं नव्हतं.

आता एक वाजला आहे. मध्ये उठून आलो. हिंमतराव आले आहेत, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून जुन्या हैदराबादेतल्या कुठल्या हकिमाची गोष्ट सांगत होते, सांगता सांगता डोळा लागला. मालनबाई बाहेर पारिजातकाच्या आळ्याशी जपमाळ घेऊन बसल्या आहेत. तुझा आवाज दोनदा ऐकला. पहिल्यांदा तू आईला हाक मारलीस, दुसऱ्यांदा नुसता आवाज होता. डॉक्टरीणबाई दर अर्ध्या तासाने जातात आणि ते कर्ण्यासारखं यंत्र लावून ठोके ऐकतात. बाहेर येताना एकदा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “ठोके बराबर है.” मी मान हलवली. त्या ठोक्यांचा आवाज दाराबाहेर येत नाही. मी मघापासून तो ऐकायचा प्रयत्न करतो आहे, पंख्याचाच येतो.

एक गोष्ट झाली ती सांगतो. दिलीपरावांनी चहाचा थर्मास मागितला म्हणून मी तुझी पिशवी उघडली. वर तुझं लुगडं, टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली, खाली बाळाची दुपटी, जी मी दुकानातून मऊ मलमल आणून कापून दिली आणि तुझ्या आईने महिनाभर दुपारी शिवली. सगळ्यात खाली, जुन्या पातळाच्या फडक्यात काहीतरी चौकोनी होतं. मला वाटलं पोथी असेल. पंचांग निघालं. आपल्या देवघराशेजारच्या खिळ्यावर असतं ते. काल मी ते परत अडकवलं होतं, मला पक्कं आठवतं. माझ्यानंतर तुझ्या आईने ते काढलं आणि इथे आणून दुपट्यांच्या खाली दडवलं, म्हणजे मागे घरात कुणी ते उघडणार नाही. शेजारचे पंतुलू भटजी तेलुगू असले तरी देवनागरी वाचतात, आणि मालनबाई त्यांना दाखवायला कमी करणार नाहीत. सुजाता, तुझ्या आईला अक्षर येत नाही. पंचांगात काय लिहिलं आहे हे तिला कळणं शक्य नाही. पण मी वाचतो तेव्हा आवाज कसा लागतो, हे तिने एकदा अंगणात ऐकलं होतं, आणि काल तो तसा लागला नाही, एवढं तिने ओळखलं असणार. मी फडकं पुन्हा गुंडाळलं आणि पंचांग होतं तिथे ठेवलं. थर्मास दिला.

तीन वाजून पंचवीस मिनिटं. आत आता बराच आवाज आहे. मला इथे एक सांगायचं आहे, तेवढं घाईत सांगतो. आजच्या दिवसात एक वेळ अशी आहे की तिच्या पुढे गेलं तर सगळं सरळ होईल, साडेसहाच्या सुमाराची. ते मला सकाळपासून माहीत आहे. घड्याळ माझ्या अगदी समोर आहे. तरी सकाळपासून मी एकदाही मनातल्या मनात ‘थांब’ म्हटलं नाही.

वही खाली ठेवावी लागली. आता चार वाजून गेले. आया पडद्यातून डोकं काढून म्हणाली, “साब, कपड़ा देव, जल्दी.” हिंमतराव दचकून उठले आणि खिशात रुमाल शोधायला लागले. मी पिशवीतून दुपटं काढलं. घडी उलगडली, आणि द्यायच्या आधी माझा हात कोपरापासून बोटांपर्यंत त्यावर आपोआप फिरला. सव्वा हात. मी दुकानात मापून कापलं तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आया म्हणाली, “क्या नापते साब, देव ना.” मी दिलं. ती आत गेली. मी पडद्याच्या उलट्या लावलेल्या पाटाकडे पाहत उभा राहिलो. मग रडणं ऐकू आलं. बारीक नव्हतं, चांगलं खणखणीत, कुणाशी तरी भांडावं तसं. मालनबाई जपमाळ सोडून धावत आल्या. मुलगी आहे, सहा पौंड वर थोडी, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, आणि तू बरी आहेस. पाणी फारच थोडं उरलं होतं, म्हणाल्या, गुरुवारचं काही सांगता आलं नसतं. हिंमतरावांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “क्या मुहूर्त निकाला केशवराव!” मी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. तुझी आई स्टुलावर बसली होती, मांडीवर ते दुपटं, आणि दुपटं हलत होतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोटांना आता थोडं थोडं कळायला लागलं आहे, हातातली वही खरखरीत आहे.

मालनबाईंनी जन्मवेळ पेढ्यांच्या डब्यासाठी लिहून मागितली आहे. मी खरी वेळ लिहून दिली, तीन चाळीस, त्यात मी काही बदल करणार नाही. आज ना उद्या कुणीतरी या पोरीची पत्रिका मांडेल आणि सांगेल की हिचा जन्म मूळ नक्षत्रावर आहे, आईबापाला जड, शांत करायला हवी होती, तुझ्या वडिलांना पंचांग नीट वाचता आलं नाही. तेव्हा तू हे पंचांग शोधून आजचं पान काढशील, कारण तुला वाचता येतं, मीच शिकवलं आहे. म्हणून हे पत्र मी त्याच पानात ठेवतो आहे. आजच्या दिवशी मूळ आहे, संध्याकाळी साडेसहापर्यंत. गुरुवारी श्रवण आहे, मालनबाई म्हणत होत्या तसाच चांगला दिवस. दोन्ही मी काल बोट ठेवून वाचलं आणि तुम्हा सगळ्यांसमोर उलटं सांगितलं. आज सकाळी दिवा लावताना देवीलाही सांगितलं की मी खोटं बोललो आहे. क्षमा मागितली नाही. शांत करायची तर करा, माझी ना नाही, मी स्वतः पाटावर बसेन. फक्त मला वाचता आलं नाही असं तू समजू नकोस. मी आयुष्यात पंचांगापायी एकदाच चुकलो, आणि त्या दिवशी मी अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं. तुझ्या त्या भावाला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. हिचं ठेवाल तेव्हा दिवस मला विचारू नका, तुम्हाला जमेल त्या दिवशी ठेवा.

तुझाच, पडद्याच्या अलीकडे बसलेला,
अण्णा